युरोपात हिवाळ्यात रेल्वेने देश ओलांडताना : निघण्याआधी काय ठरवावं?

परसवाडा : परसवाड्याला रेल्वे नाही. बसने बालाघाट गाठायचं आणि तिथून गोंदियाची गाडी धरायची. वाटेत मध्य प्रदेश संपतो, महाराष्ट्र लागतो. डब्यात कुणाला ते कळतही नाही. तिकीट एक, नियम एक, रेल्वेही एक.

आता सीमाभागातली मुलं शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीपर्यंत जातात आणि नाताळच्या सुटीत त्यांचे आई-वडील भेटायला निघतात. मुलाकडे गेलोच आहोत तर शेजारचे एक-दोन देश रेल्वेने पाहून यावेत, असाही बेत होतो. म्युनिकहून झुरिकला जाणारी थेट गाडी साडेतीन-चार तासांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश दाखवते. पण तिथे हद्दीपलीकडे रेल्वे कंपनी आणि तिकिटाचे नियम बदलतात. हिवाळ्यात शेवटची गाडी चुकली तर शून्याखालच्या थंडीत अनोळखी स्टेशनावर रात्र काढायची पाळी येऊ शकते. म्हणून काही गोष्टी घरूनच ठरवून निघालेलं बरं.

व्हिसा : आधी मार्ग, मग अर्ज

शेंगेन गटात सध्या २९ देश आहेत. एका व्हिसावर या सगळ्यांत फिरता येतं. मात्र अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे आपल्या मर्जीवर नसतं. जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखाच असेल तर जिथून प्रवेश, त्या देशाकडे. त्यामुळे रेल्वेचा मार्ग आधी पक्का करावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. नाताळसाठी जायचं असेल तर दिवाळीची वाट बघत बसू नये. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

सीमाभागातल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. परदेशी दूतावास आपलं कामाचं क्षेत्र राज्यानुसार ठरवतात. गोंदियाच्या नातेवाइकाने जिथे अर्ज दिला, तिथेच बालाघाटच्या माणसाचा घेतील असं नाही. आपल्या राज्याचा नियम आधी बघावा.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. लंडनला जाऊन परत यायचं तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो.

तपासणी होत नाही, हा समज सोडा

शेंगेनमध्ये देशादेशांत नेहमीची तपासणी नसते, हे खरं. पण देशांना तात्पुरती तपासणी लावता येते. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर ती सुरू केली. पोलीस चालत्या गाडीत येऊन कागद मागू शकतात. मूळ पासपोर्ट अंगावरच्या खिशात ठेवावा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मुलाने पासपोर्टसोबत राहण्याच्या परवान्याचं कार्डही जवळ ठेवावं.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर नवी नोंद पद्धत सुरू झाली आहे. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. ज्याच्याकडे तिथला राहण्याचा परवाना आहे, त्याला ही नोंद लागू नाही. म्हणजे मुलगा पुढे निघेल आणि आई-वडील रांगेत राहतील, असं होऊ शकतं. लंडनच्या युरोस्टार गाडीसाठी ही सगळी तपासणी गाडीत चढण्याआधीच होते, म्हणून तास-दीड तास आधी स्टेशनात पोचावं.

तिकीट म्हणजे सीट नव्हे

आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे बर्थ. जर्मनीत बहुतेक लांबच्या गाड्यांत तिकीट वेगळं आणि सीटचं रिझर्वेशन वेगळं. वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही. तिकीट आहे पण जागा नाही, तर उभं राहून जायचं. नाताळच्या गर्दीत वयस्कर माणसांसाठी रिझर्वेशनचे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. फ्रान्सच्या टीजीव्हीत, युरोस्टारमध्ये आणि रात्रीच्या स्लीपर डब्यांत रिझर्वेशन सक्तीचंच आहे.

पास घेणार असाल तर भारतातून जाणाऱ्यांना युरेल पास मिळतो आणि युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल. एकाच घरातल्या दोघांचे पास वेगळे असू शकतात. मुलाकडे असलेलं 'डॉइचलँड तिकीट' फक्त जर्मनीतल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं. हद्दीजवळची मोजकी स्टेशनं सोडली तर सीमेपलीकडे त्याच्या भरवशावर जाऊ नये.

एक तिकीट की दोन?

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. समजा, वाटेत गाडी बदलायची आहे. दोन वेगळी तिकिटं घेतली तर कधी कधी स्वस्त पडतात. पण पहिली गाडी लेट झाली आणि दुसरी सुटली, तर दुसरी कंपनी हात वर करू शकते. पूर्ण प्रवासाचं एकच थ्रू तिकीट असेल तर पुढच्या गाडीने पोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तिकीट थ्रू आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासावं.

युरोपीय संघाच्या नियमानुसार गाडी ६० ते ११९ मिनिटं लेट झाली तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं किंवा जास्त लेट झाली तर ५० टक्के भरपाई मिळते. जून २०२३ पासून यात बदल झाला. अतिशय खराब हवामानामुळे उशीर झाला तर ही भरपाई नाकारता येते. म्हणजे मोठ्या बर्फवादळात पैशाची आशा धरू नये. मात्र दुसऱ्या मार्गाने पोचवणं किंवा भाडं परत करणं, शक्य तिथे खाणंपिणं देणं आणि रात्र अडकली तर मुक्कामाची सोय करणं, या जबाबदाऱ्या तरीही सुटत नाहीत. स्टेशनच्या काउंटरवर जाऊन ते मागावं लागतं. उशीर झाल्याची लेखी नोंदही घ्यावी.

वेळ आणि वेळापत्रक

युरोपातलं रेल्वे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. नोव्हेंबरात पाहिलेली गाडी नाताळात असेलच असं नाही; त्या तारखेची गाडी पुन्हा बघून घ्यावी. हिवाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, ब्रिटनचं साडेपाच तास. डिसेंबरअखेर दक्षिण जर्मनीत आठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारलाच अंधार पडतो. आल्प्स बघायचे तर गाडी दुपारच्या आतली धरावी.

२५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे जवळजवळ बंद असते, युरोस्टारही धावत नाही. जर्मनीत गाड्या चालतात, पण २४ च्या दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि २५, २६ ला सुटी असते. डबा सोबत घ्यावा.

सामानात काय नको

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. घरचं तूप, खवा, पेढे त्यातच येतात. आईचा जीव कितीही तुटला तरी हे घरीच ठेवावं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. तिथल्या हद्दीवर सामान उघडायला लावू शकतात. हमाल मिळेल हे गृहीत धरू नये, स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग घ्यावी.

निघण्याआधी एवढं बघा

- गाडी बदलण्यात हिवाळ्यात किमान तासाभराचं अंतर ठेवा.
- दिवसाची शेवटची गाडी धरू नका. तिच्या मागे आणखी एक गाडी असू द्या.
- डबा क्रमांक तपासा. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटून वेगळ्या गावांना जातात.
- परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच विमानतळाच्या शहरात पोचा.
- मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते.