गांधीजींची घरची शाळा

हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आईबाप दिसू लागलेत. मला अशा वेळी हटकून हरिलाल आठवतो. गांधीजींचा थोरला.

1897 च्या जानेवारीत गांधीजी कुटुंबासह डर्बनला उतरले. बरोबर तीन मुलं : विधवा बहिणीचा मुलगा 10 वर्षांचा, हरिलाल 9 चा, मणिलाल 5 चा. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना घेतलं असतं, पण खास मेहेरबानी म्हणून. इतर हिंदी मुलांना तिथे दार बंद. जे सगळ्यांना नाही ते माझ्या मुलांना नको, असं गांधीजींनी ठरवलं. मिशनच्या शाळेतलं शिक्षण त्यांना पसंत नव्हतं. मग महिना 7 पौंडांवर एक इंग्रज बाई ठेवल्या. तेही समाधानकारक होईना. उरले स्वतः वडील! वकिली, सभा, पत्रव्यवहार यातून वेळ मिळाला तर गुजरातीतून बोलणं, चालता चालता शिकवणं.

आता मी आयुष्यभर खडू हातात धरलेला माणूस. मला त्यांचा तो निर्णय शंभर टक्के पटतो. पण वेळापत्रक? रोजचा एक ठरलेला तास मुलांना देता आला नाही, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिलंय. मुलांची तक्रार आहे हेही लिहिलंय, आणि तरी पस्तावा नाही म्हणतात. अक्षरज्ञान कमी पडलं तरी स्वातंत्र्य आणि स्वाभिमान शिकले, हा त्यांचा हिशोब. बापाचा हिशोब हो. मुलाचा वेगळा होता.

(पुढे 1910 नंतर टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि कॅलनबाख वर्ग घेत. दिवसभर अंगमेहनत, त्यात वर्ग दुपारी जेवणानंतर! गुरुजी आणि विद्यार्थी दोघेही पेंगत, डोळ्यांना पाणी लावत. शेवटच्या तासाला वर्ग घेतलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.)

हरिलाल सत्याग्रहात बापाच्या बरोबरीने तुरुंगात गेला. पण विलायतेला शिकायला पाठवायची संधी आली तेव्हा गांधीजींनी निवडलं पुतण्याला, छगनलालला. तत्त्वाने तेही बरोबरच असेल. 1911 साली हरिलाल वडिलांना सोडून हिंदुस्थानात परतला आणि अहमदाबादला मॅट्रिकच्या अभ्यासाला बसला. वय 23, पदरी बायको आणि मूल.

मॅट्रिक काही झाला नाही.