पोटातलं पाणी: सुश्रुतापासून मिरजेच्या वॉर्डापर्यंत

सातारा-सांगलीकडे कुणाच्या पोटात पाणी झालं की घरात एक वाक्य ऐकू येतं: "एकदा पाणी काढलं की सारखंच काढावं लागतं." या भीतीपायी लोक धाप लागेपर्यंत अंगावर काढतात. ही भीती आली कुठून आणि तिच्यात खरं किती, ते आज बघू या.

पाणी काढायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जलोदराच्या उपचारात ती सविस्तर दिलीय. रोग्याला विश्वासू माणसांनी धरून ठेवायचं, बेंबीच्या खाली, डावीकडे चार बोटं सोडून टोचायचं आणि नळी घालून पाणी वाहू द्यायचं. पण सगळं पाणी एकाच दिवशी काढायचं नाही. तसं केलं तर ताप, तहान, अंगदुखी, धाप मागे लागते. काही दिवसांच्या अंतराने थोडं थोडं काढायचं आणि दरवेळी पोट लोकरीने, रेशमाने किंवा चामड्याने घट्ट गुंडाळायचं. पुढे सहा महिने पथ्य दुधाचं किंवा मांसरसाचं. म्हणजे टोचणं एका ओळीत संपतं, बाकी सगळी शुश्रूषाच.

आता युरोपात जाऊ. संगीतकार बीथोव्हेनच्या पोटातलं पाणी व्हिएन्नात २० डिसेंबर १८२६ ला पहिल्यांदा काढलं. फेब्रुवारी संपेपर्यंत आणखी तीनदा काढावं लागलं आणि २६ मार्च १८२७ ला तो गेला. बघणाऱ्याला वाटणारच, सुईने घात केला. पण शवविच्छेदनात त्याचं यकृत आक्रसलेलं सापडलं. पाणी परत येत होतं ते यकृतामुळे.

तरी तेव्हाची भीती अगदीच खोटी नव्हती. हत्यारं निर्जंतुक करायची पद्धत नव्हती, जखम चिघळायची. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेवर लिहिलं १८६७ मध्ये. त्यानंतर २७ वर्षांनी, १८९४ मध्ये, कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबलांबून पेशंट यायचे. स्वच्छ ऑपरेशन थिएटर आणि वॉर्डातली शुश्रूषा या भागाला तिथे बघायला मिळाली. पुढे १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजही आलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आल्या आणि पाणी काढणं मागे पडलं. ते परत आणलं बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी, १९८७ मध्ये. १९८८ मध्ये त्यांनीच दाखवलं की खूप पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन दिलं नाही, तर रक्ताभिसरण बिघडतं आणि किडनीला झळ बसते. आज पाच लिटरच्या वर काढलं तर दर लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. सुश्रुताला अल्ब्युमिन माहीत होतं असं मी म्हणत नाहीये. पण एकदम सगळं पाणी उपसलं तर माणूस खचतो, हे त्या काळच्या वैद्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणूनच यात नर्सचं काम मोठं. आधी लघवी करून यायला सांगायचं, म्हणजे भरलेल्या मूत्राशयाला सुई लागत नाही. वजन, पोटाचा घेर, बीपी लिहून ठेवायचं. पाणी निघत असताना नाडी आणि बीपी बघत राहायचं. किती निघालं, रंग कसा, ते नोंदवायचं, नमुना तपासणीला पाठवायचा. नंतर ड्रेसिंग ओलं होतंय का, ताप येतोय का, पोट दुखतंय का, लघवी कमी झाली का, पेशंट गुंगीत बडबडतोय का, यावर नजर ठेवायची. आपल्याकडे रात्री खाटेपाशी घरचंच माणूस बसतं, तेव्हा ही यादी त्यालाही माहीत हवी. यातलं काही दिसलं की सकाळची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगायचं.

तर, पाणी सुईमुळे परत येत नाही. यकृत, हृदय, टीबी, कॅन्सर, जे मूळ कारण असेल ते तसंच राहिलं की येतं. त्यामुळे डॉक्टरांना "किती काढलं?" हे विचाराच, पण त्याच्या आधी विचारा, "कशामुळे झालंय?"

भेटू पुढच्या भागात.