पोर्तुगीज ‘देस्’ उपसर्गाचे मूळ आणि मराठी

इ. स. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. १७३९ मध्ये चिमाजीआप्पाने ती जिंकून घेतली. या दोनशे पाच वर्षांची साक्ष जशी वसईचा किल्ला देतो, तशीच वसईतील होळीसारख्या वस्तीत नित्य कानी पडणारे व एकंदर मराठीतही रुळलेले पाव, बटाटा, चावी, घमेले, लिलाव हे शब्दही देतात. परंतु क्रियेचा उलटा व्यापार दाखविणारा ‘देस्’ हा पोर्तुगीज उपसर्ग मराठीने उचलला नाही. असे का झाले, हा प्रश्न विचारार्ह आहे.

‘देस्’चे मूळ मुख्यतः लॅटिन ‘दिस्’ या उपसर्गात आहे. त्याचा मूलार्थ ‘वेगळे’, ‘दूर’ असा. जोडलेले वेगळे करणे म्हणजे आधीची क्रिया उलटविणे, या मार्गाने त्यास विपर्ययाचा अर्थ आला. लॅटिनमधील ऱ्हस्व इकाराचा पोर्तुगीजमध्ये एकार होणे नियमास धरूनच आहे. काही शब्दांत ‘दे’ व ‘एक्स्’ या दोन लॅटिन उपसर्गांचा संयोगही कारणीभूत झाला असावा, असे मानले जाते. लॅटिनमध्ये फकारापूर्वी ‘दिस्’चे ‘दिफ्’ होई. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘फाझेर’ (करणे) यापासून ‘देस्फाझेर’ (केलेले मोडणे) होते. अर्थात हा उपसर्ग केवळ वारशाने आलेल्या शब्दांत अडकून न राहता नवे शब्द घडवीत राहिला.

असा उपसर्ग परभाषेत रुजण्यास साधा शब्द व सोपसर्ग शब्द अशा जोड्या ऐकणाऱ्याच्या परिचयाच्या असाव्या लागतात. मराठीने पोर्तुगीजमधून घेतली ती बहुतांशी वस्तूंची व व्यवहाराची नामे. ‘पागार’ (पैसे चुकते करणे) हे क्रियापदसुद्धा मराठीत ‘पगार’ हे नाम होऊन बसले. उलट, फारसी ही दीर्घकाळ राज्यकारभाराची भाषा होती; तिच्यातून जोड्याच्या जोड्या आल्या. म्हणूनच ‘बे’ व ‘गैर’ हे उपसर्ग सुटे होऊन ‘बेसावध’, ‘गैरसमज’ असे संकरित शब्द घडले.

शिवाय विपर्ययाची सोय मराठीत पूर्वीचीच होती. पोर्तुगीज ‘कोझेर’ (शिवणे) व ‘देस्कोझेर’ यांच्या तोडीस मराठीत शिवणे व उसवणे आहेत. ‘उसवणे’मध्ये संस्कृत ‘उत्’ उपसर्ग लपलेला आहे, तसाच तो ‘उघडणे’मध्येही आहे. तात्पर्य, उपसर्गाची उसनवारी सत्तेच्या कालावधीवर ठरत नाही. शब्दांच्या जोड्यांचा परिचय आणि स्वभाषेतील उणीव या गोष्टी त्याहून निर्णायक ठरतात.