भाड्याच्या वाड्यातील खिडकी

वेरूळची लेणी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. शिक्षक मंडळी तर शाळेच्या सहलीबरोबर दोन-चार वेळा तेथे जाऊन आली असतील. तेथल्या दहाव्या लेण्याला विश्वकर्मा लेणे म्हणतात, पण आसपासची माणसे त्याला ‘सुतार का झोपडा’ असेच म्हणत आली. आता गंमत पाहा. लेणे अखंड खडकात कोरलेले. मग त्याला सुताराचे नाव का? आत जाऊन मान वर करा, म्हणजे उत्तर मिळेल. छताला एकामागून एक कमानदार फासळ्या आहेत, जणू सागाचे वासे वाकवून बसवावेत तशा. सातव्या शतकातला पाथरवट दगडात सुतारकामाची नक्कल करीत होता.

ही नक्कल आली कोठून? त्यासाठी अजिंठ्याकडे वळावे लागते. तेथील नववे आणि दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे आहे. त्यांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालासारखी मोठी खिडकी आहे. लाकडी घराची कमानदार खिडकी त्या कारागिरांच्या डोळ्यांपुढे होती, तीच त्यांनी दगडात उतरवली. आतल्या छताला त्या काळी खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या होत्या. आज त्या तेथे नाहीत. पण लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यात तशाच लाकडी फासळ्या आजही छताला आहेत. लाकडाचे आयुष्य ते केवढे, असे आपण सहज म्हणतो. त्या लाकडाला जवळजवळ दोन हजार वर्षे झाली! पाऊस आणि ऊन लागले नाही, जमिनीची ओल चढली नाही, एवढेच त्याचे भाग्य.

हे सगळे सांगण्याचे कारण वेगळे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठांत, आणि तुमच्या गावातल्या वाड्यांतही, आज सागाच्या खिडक्या भराभर उखडल्या जात आहेत. ‘लाकूड जुने झाले, आता टिकायचे नाही,’ असे जो तो म्हणतो.

हे शहर मलिक अंबराने 1610 साली खडकी गावाजवळ वसवले. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या गावाचे नाव ‘खिरकी’ असे छापलेले सापडते, आणि ते वाचून एखादा गावाचा संबंध खिडकीशी जोडतो. तसे काही नाही; नाव खडकावरूनच पडले. असो. पुढे मोगल आले, त्यानंतर निजामाचा अंमल आला, आणि गुलमंडी, शहागंज, बेगमपुरा या भागांत वाडे आणि हवेल्या उभ्या राहिल्या. जवळच्या पैठणातले लाकडी कोरीवकाम तर पूर्वीपासून नावाजलेले. या घरांच्या भिंती जाड, छत माळवदाचे, आणि खिडकी भिंतीच्या जाडीत खोल बसवलेली.

त्या खिडकीची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. पुष्कळ खिडक्यांना दोन नव्हे, चार झडपा असतात: दोन खाली, दोन वर. खालच्या लावून घेतल्या की रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नाही. वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड येतो आणि खोलीतली तापलेली हवा वरून निघून जाते. उन्हाळ्यात दुपारी चारही झडपा लावाव्यात, सूर्य बाहेरच राहतो. संध्याकाळी सगळ्या उघडाव्यात. सरकत्या काचेच्या खिडकीचे असे नाही. तिचा एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, म्हणून ती कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. आणि काच लावून घेतली तरी ऊन आत येतेच.

मग इतकी सोयीची वस्तू कुजली का? याचे उत्तर सुताराकडे कमी आणि कायद्याच्या पुस्तकात जास्त आहे, असे मला वाटते. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, नंतर हैदराबाद राज्यात. त्या राज्याने 1954 साली घरभाड्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला. तरी येथील भाडेकरूंना तो हैदराबादचाच कायदा लागू राहिला. महाराष्ट्राचा एकच भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. नियंत्रणाचा हेतू चांगला होता. गरीब भाडेकरू रस्त्यावर पडू नये. पण भाडे एकदा ठरले की ते सहज वाढेना. मालक म्हणे, ‘एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कोठून करू?’ भाडेकरू म्हणे, ‘घर तुमचे, मी का खर्च करू?’ दोघांच्या भांडणात दर पावसाळ्यात पाणी झिरपत राहिले ते खिडकीच्या खालच्या पट्टीत.

गुलमंडीकडच्या एका गल्लीतली गोष्ट. घरमालकांनी आठ खिडक्या बदलायचे ठरवले होते. नव्या खिडक्या देणारा म्हणाला होता, जुने लाकूड आम्हीच उचलून नेऊ, तेवढे पैसे बिलात कमी करू. मालक खूश होते. शेजारचे म्हातारे मिस्त्री सहज डोकावले. त्यांनी खिशातून टोच्या काढला आणि प्रत्येक चौकट खालून वर टोचत गेले. म्हणाले, “मालक, जो माणूस हे लाकूड बिलात धरतो, त्याला त्याची किंमत कळते. तुम्हाला कळली नाही.” आठांपैकी सहा खिडक्यांत फक्त खालची आडवी पट्टी मऊ लागत होती. उरलेल्या दोन चौकटी मात्र वाळवीने पोकळ केल्या होत्या. त्या मिस्त्रींनी स्वतःच काढायला सांगितल्या. मला हा त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. जुने तेवढे सोने, असे त्यांनी मुळीच म्हटले नाही.

दुरुस्तीची रीत सोपी आहे. कुजलेला तुकडा तिरका कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा त्याच रेषेत जोडायचा, आणि सांध्यात लाकडाची खुंटी ठोकायची. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि लाकूड फाडतो. जुन्या खिडकीचे सांधे कुसू घालून केलेले असतात, म्हणून एक पट्टी बदलायला सगळी खिडकी मोडावी लागत नाही. तावदानाच्या कडेला लांबी भरायची, ती खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून. आणि चौकटीच्या पायाशी सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर तो काढून चुन्याचा करावा, कारण सिमेंटमागे ओल अडून राहते आणि ती लाकडात शिरते. चौकट काढायचीच असेल तर आधी वर पाहा. तिच्या डोक्यावरच्या लाकडी तुळयांवर भिंतीचा भार असतो. घाईने ठोकाठोक केली तर भिंतीला तडा जातो.

एक धोका मात्र जरूर लक्षात ठेवा. खिडकीवर रंगाचे थरावर थर असतात, आणि जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगात शिसे दशलक्षात 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, जाळून तर काढूच नये. पाणी मारून खरवडावा, खाली कापड पसरावे, आणि लहान मुले व गरोदर बाई यांना त्या खोलीत येऊ देऊ नये. भाडेकरूच्या संसारात काम करताना ही काळजी मालकाने घ्यायची असते.

राहिला पैशाचा प्रश्न. 1999 सालच्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ घेता येते. त्याबरोबर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्यही 14 व्या कलमाने त्याच्यावर टाकले आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, आणि तरीही काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. वर्षाला किती रक्कम कापायची यावर मर्यादाही आहे. हा कायदा सगळ्या खेड्यांना लागू नाही. गावात तुमचा वाडा शाळेच्या गुरुजींना किंवा ग्रामसेवकांना भाड्याने दिलेला असेल, तर दुरुस्ती कोणी करायची हे करारनाम्यातच लिहून घ्यावे. नोटीस द्यायची ती मृगाच्या आधी महिनाभर द्यावी. पाऊस लागल्यावर लाकूड फुगलेले असते, आणि तेव्हा मिस्त्री सांध्याला हात लावायला तयार होत नाही.