निलगिरीतील भाजीपाला शेती

तमिळनाडूच्या वायव्येस, पश्चिम घाट व पूर्व घाट जेथे एकमेकांस मिळतात, तेथे निलगिरीचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवरील या प्रदेशाची गाजर, कोबी, बीट व बटाटा ही आजची ओळख असली, तरी या पिकांचा येथील इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

त्यापूर्वी येथील बडगा शेतकरी नाचणी, वरी, सातू अशी धान्ये पिकवीत. तोडा म्हशी पाळत, तर कोटा अवजारे व भांडी घडवीत. धान्य, तूप आणि अवजारे यांच्या देवघेवीवर सर्वांचे जीवन चाले. हलकी जमीन काही हंगाम पिकविल्यावर अनेक वर्षे पड ठेवण्याचा प्रघात होता.

कोईमतूरचे कलेक्टर जॉन सुलिव्हान १८१९ मध्ये या पठारावर आले. येथील थंड हवामान पाहून त्यांनी बटाटा, कोबी आदी पिकांच्या लागवडीस चालना दिली. पुढे उटकमंड वसले आणि तेथील युरोपीय रहिवाशांकडून भाज्यांना मागणी वाढली. आज पर्यटकांनी गजबजणारे उटीचे वनस्पती उद्यानही १८४०च्या दशकात वर्गणीतून उभारलेल्या भाजीमळ्यातूनच विकसित झाले. बडगा शेतकऱ्यांनी बटाटा लवकरच आपलासा केला. डोंगरी रेल्वे १८९९ मध्ये कुन्नूरला व १९०८ मध्ये उटीला पोहोचली. पायथ्याचे मेट्टुपाळयम ही या मालाची मोठी बाजारपेठ बनली.

नगदी पिकाने हातात पैसा आला. मात्र जमिनीची विश्रांती संपली. त्याच त्या शेतात बटाटा घेतला जाऊ लागला. १९६१ मध्ये उटीजवळ बटाट्याच्या मुळांवर जगणारी सोनेरी सूत्रकृमी आढळली. तिच्या टणक कोषात शेकडो अंडी असतात व ती मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे येथील बियाणे बटाटा इतरत्र नेण्यावर १९७१ मध्ये निर्बंध आले. शास्त्रज्ञांनी ‘कुफ्री स्वर्णा’ हा सूत्रकृमीला दाद न देणारा वाण विकसित केला. परंतु केवळ वाण बदलून भागत नाही. गाजर, कोबी, लसूण या पिकांवर ही कृमी पोसली जात नसल्याने त्यांची फेरपालट हा प्रमुख उपाय ठरला. अनेक शेतकरी चहाकडेही वळले.

पूर्वजांनी पड ठेवून जमिनीला जी उसंत दिली, तीच आता फेरपालटीच्या रूपाने द्यावी लागत आहे.