एका सुताचे दोन धडे

कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही अमेरिकेचा इतिहास शिकवितो. पुस्तकात उत्तर-दक्षिणेचा झगडा एका धड्यात असतो, सुधारणेच्या चळवळी दुसऱ्या धड्यात. आम्ही दोन्ही धडे कापसाच्या एकाच सुताने बांधतो. १८२० च्या मिसूरी तडजोडीने गुलामगिरीची सीमा नकाशावर आखली. कापसाला मात्र सीमा नव्हती. दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस उत्तरेत लोवेलच्या गिरण्यांत येई आणि तेथले जाडेभरडे कापड पुन्हा गुलामांच्याच अंगावर जाई. १८३४ साली मजुरीत कपात होताच लोवेलच्या गिरणीतल्या मुलींनी संप केला. १८४५ साली दहा तासांच्या दिवसासाठी त्यांनी विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षी दिल्या. कायदा झाला नाही.

वर्गात कोणी तरी विचारतोच, "गुलामांच्या कापसावर ज्यांचे पोट, त्यांनी गुलामगिरीविरुद्ध बोलावे कसे?" आम्ही सांगतो, याच गावच्या कित्येक स्त्रियांनी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या. पोटाची भीती त्यांनाही होतीच. सुधारणेचा धडा आम्ही त्या सह्यांपासून सुरू करतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, तेही अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच.