देव्हाऱ्याची महिरप

खारेपाटण म्हटले की अभ्यासकांना शिलाहार रट्टराजाचा इ. स. १००८चा ताम्रपट आठवतो. मला आठवतो आमच्या घरातला फणसाच्या लाकडाचा देव्हारा. त्याच्या महिरपीतले मोर नि वेली म्हणजे सगळे पटाशीचे काम, असे मी समजत होतो.

एकदा महिरप पुसायला उतरवली. मागची बाजू सपाट, नक्षीची भोके आरपार, कडा सरळ उभ्या. हे फ्रेटवर्क! गिरमिटाने भोक पाडायचे, करवतीचे बारीक पाते त्यातून ओवून ताणायचे नि रेघेवरून फिरवायचे. युरोपातल्या जडावकामाची ही करवत एकोणिसाव्या शतकात पायाच्या यंत्रावर चढली आणि हौशी मंडळींच्या घरांत शिरली. इंग्लंडात १८९५ साली निघालेले ‘हॉबीज’ साप्ताहिक तर फ्रेटवर्कचे नमुनेच देई. इकडे मुंबईत जे. जे. कलाशाळेत १८९१ साली सुरू झालेल्या रे आर्ट वर्कशॉपमध्ये लाकडावरचे कोरीवकाम शिकवीत.

करवतीने कोरीवकाम मारले, असे म्हणतात. मला ते पटत नाही. नुसत्या जाळीतला मोर पुठ्ठ्याचा दिसतो. आमच्या मिस्त्रीने जाळी कापल्यावर पटाशीने मोराची मान उचलली, पानांना शिरा दिल्या. कापलेली जाळी नाजूक. घाव बसताना मोडू नये म्हणून ती मध्ये कागद घालून दुसऱ्या फळीवर सरसाने चिकटवतात. काम झाले की कागद फाटतो, जाळी सुखरूप सुटते.

गेल्या वर्षी एक पान तुटले. यंत्रावर कापलेले नवे पान अगदी मापाचे मिळाले. पण लांबूनही तेवढेच सपाट दिसते. पटाशी धरणारा शोधतो आहे.